न पेरलेल्या रानाचं देणं

जैवविविधतेवरचं पुस्तक बहुधा मधमाशीपासून सुरू होतं. माशी नाही तर परागीभवन नाही, परागीभवन नाही तर फळ नाही, तेव्हा माशी वाचवा, असा तो सरळ युक्तिवाद. जळगाव जिल्ह्यात मात्र तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. रावेर-यावलच्या केळीला मधमाशी लागत नाही. लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यामुळे तिच्यात बी धरत नाही आणि फळ परागीभवनाशिवायच पोसतं. केळफुलाचा एकेक पदर उलगडला की आतल्या मधासाठी माश्या, गांधीलमाश्या आणि शिंजीर गर्दी करतात, पण त्यांच्या येण्याजाण्याने घडाला एकही फणी जास्त लागत नाही. दुसरं मोठं पीक कापसाचं. त्याचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. माशी आली तर थोडी मदत होते, नाही आली तरी बोंड लागतंच.

म्हणजे ज्या दोन पिकांवर खानदेशातला पैसा फिरतो, त्यांचं माशीवाचून फारसं अडत नाही. मग चोपड्याच्या किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने बांधावरची बाभूळ का राखावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेचं उत्तर पुरत नाही. हिशेबाचं उत्तर हवं असेल तर फुलापासून उठून आधी विहिरीकडे जावं लागतं.

केळीचं पाणी कुठून येतं

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या मुलखाची ठेवण. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर वसलेला. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, म्हणून पाऊस हुकला की विहिरी लवकर तळ गाठतात. तापीच्या उत्तरेचं चित्र निराळं आहे. तिथे नदीच्या गाळाचा जाड थर आहे आणि सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे, रेती आणि वाळू यांचा एक लांबलचक पट्टा पसरला आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला ‘बझाडा’ म्हणतात. पावसाळ्यात डोंगरातून खळाळत उतरलेला नाला या पट्ट्यात शिरला की बघता बघता आटतो. त्याचं पाणी खाली मुरतं, हळूहळू दक्षिणेकडे सरकतं आणि केळीपट्ट्यातल्या विहिरी-कूपनलिकांना मिळतं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जळगावच्या केळीमागे टिश्यू कल्चरची रोपं आहेत, ठिबक आहे, शेतकऱ्याची मेहनत आहे. आणि या सगळ्याखाली हा दगडगोट्यांचा पट्टा आहे.

त्याला पाणी पुरवण्याचं काम डोंगरावरचं जंगल करतं. साग, सालई, अंजन, धावडा यांच्या पाचोळ्यावर पडलेलं पाणी थबकत थबकत उतरतं. उतार उघडा पडला की तेच पाणी काही तासांत खाली येतं आणि येताना माती घेऊन येतं. ही बारीक माती दगडगोट्यांच्या फटींत बसते आणि पाणी मुरण्याच्या वाटा बुजवते. म्हणजे वर तोड झाली की तोटा दोन बाजूंनी होतो: मुरायला वेळ मिळत नाही आणि मुरण्याची जागाही बिघडते. त्यात उपसा मुरण्यापेक्षा जास्त. ठिबकने एकेका झाडाचं पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहिली. रावेर आणि यावल तालुक्यांत भूजल वर्षानुवर्षं खाली जात आहे. तापीचं पाणी या पायथ्याच्या पट्ट्यात सोडून भूजल भरण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी २०२५ मध्ये करार केला. ज्या कामासाठी आता कालवे खणण्याची तयारी चालली आहे, तेच काम जंगल आपल्या परीने बिनबोभाट करत आलं आहे.

याच उतारांवर एक पक्षी राहतो. रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणाला मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असं धरलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी वेगळा झाला. पुढे यावल अभयारण्याच्या परिसरातही त्याची नोंद झाली. सरडे, उंदीर आणि मोठे कीटक खाणारा, दिवसाही शिकार करणारा हा छोटा पिंगळा केळीच्या बागेत येत नाही. त्याला मोकळं, जुन्या ढोलीदार झाडांचं सागवन लागतं. तरीही केळीवाल्याचा त्याच्याशी संबंध आहे. ज्या उतारावर रानपिंगळा टिकतो, त्या उतारावर पाणीही टिकतं.

पऱ्हाटीच्या पानाखाली

आता कापसाकडे येऊ. श्रावणात पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली की एक पान उलटं करून पाहावं. शिरांच्या कडेला मावा चिकटलेला असतो, पिवळट-हिरव्या ठिपक्यांसारखा. जरा निरखलं तर त्यातले काही ठिपके फुगून तपकिरी, चकचकीत झालेले दिसतात. ते मेलेले मावे. एका अतिसूक्ष्म गांधीलमाशीने त्यांच्या अंगात अंडी घातली, अळी आतून मावा खाऊन वाढली आणि पाठीला गोल भोक पाडून माशी बाहेर पडली. शेजारीच केसासारख्या देठावर टांगलेलं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं. त्यातून निघणारी अळी हालचाल करू लागली की मावा, फुलकिडे आणि इतर किडींची अंडी फस्त करत सुटते. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, टोकदार पायांची अळी दिसली की पुष्कळ जण तिला पिकाची वैरीण समजून चिरडतात. ती ढालकिड्याची अळी असते, आणि मावा खाण्यात ती तिच्या आईबापांना हार जात नाही.

ही फौज फुकट राबते, पण दोन अटींवर. एक, तिला पिकात मावा यायच्या आधीही काहीतरी खायला हवं. दोन, पहिल्याच फवारणीत तिचा निकाल लागता कामा नये. जुन्या खानदेशी शेतात पहिली अट आपोआप पाळली जायची. कापसात तुरीच्या ओळी, मूग-उडदाचं आंतरपीक, कडेला अंबाडी आणि चवळी असायची. चवळीवर काळा मावा लवकर येतो. तो कापसावरच्या माव्याहून वेगळ्या जातीचा असतो. म्हणजे चवळीवर ढालकिडे पोसले जातात, तिथे त्यांची वीण होते आणि कापसावर मावा येईपर्यंत ते कामाला तयार असतात. चवळीची शेंग घरी येते ती वेगळीच.

दुसरी अट मात्र मोडते. कापसाचं बी बहुधा कीटकनाशक चोळूनच येतं, त्यामुळे पहिले काही आठवडे रोप रसशोषक किडींपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतं. तरीही शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपणही घ्यायचा, असं होतं. या लवकरच्या फवारणीने चार मावे मरतात आणि त्यांच्यावर जगणारे सगळे मित्रकीटक जातात. मावा आणि पांढरी माशी पुन्हा झपाट्याने वाढतात. त्यांना खाणारे त्या वेगाने परत येत नाहीत. पुढच्या फवारण्या मग टळत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा या चक्राची किंमत पुऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस पोखरला. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये परवानगी मिळाली होती. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाणं दिलं जायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक अळ्यांची पैदास लांबेल, असा हेतू होता. ते पाकीट बहुतेकांनी पेरलंच नाही. या अळीच्या बाबतीत मित्रकीटकांकडून फार अपेक्षाही ठेवता येत नाही. अळी बोंडात शिरली की ती कोणाच्या हाती लागत नाही. ट्रायकोग्रामासारखी गांधीलमाशी फक्त तिच्या अंड्यांवर चाल करू शकते. पण गुलाबी अळीची एक दुबळी बाजू आहे. ती जवळपास कापसावरच जगते. शेतात काही महिने कापूसच नसेल तर तिची उपासमार होते. मे महिन्यात पाण्यावर केलेली लागवड तिला लवकर फुलं देते, मार्चपर्यंत ठेवलेली फरदड उशिरापर्यंत बोंडं देते आणि घराशेजारी सरपणाला रचलेल्या पऱ्हाट्या तिला उन्हाळाभर आसरा देतात. जमिनीला आणि पिकाला मध्ये खंड देणं हाही कीडनियंत्रणाचाच भाग आहे, आणि त्याला औषधाचा खर्च नाही.

माशीचं राज्य सुरू होतं तिथे

केळी आणि कापूस सोडला की माशीचं महत्त्व एकदम वाढतं. साक्री-चाळीसगावकडे कांद्याचं बी धरणाऱ्या शेतकऱ्याला विचारावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगळ्यांवर पांढरे गोंडे उमलतात. एका गोंड्यात शेकडो फुलं, आणि प्रत्येक फुलात पराग आधी सांडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला पराग हवा तर तो दुसऱ्या फुलातूनच यायला हवा. वाऱ्याचा इथे फारसा उपयोग नाही. फुलोरी, सातेरी, आग्या मोहोळाच्या माश्या आणि बरेचसे साधे माश्यांचे प्रकार गोंड्यावर चालत चालत हे काम करतात. याच दिवसांत फुलकिड्यांवर औषध मारलं, तेही सकाळी माश्यांच्या ऐन वेळी, तर गोंडा वाळल्यावर हाती फोलपटं येतात.

टरबुजाची गोष्ट आणखी उघड आहे. त्यात नर-मादी फुलं वेगळी असतात, सकाळी उमलतात आणि त्याच दिवशी मिटतात. विषाणू पसरवणाऱ्या किडींपासून वाचवण्यासाठी रोपांवर पांढरं क्रॉप कव्हर घालायची पद्धत आता रुळली आहे. पण मादी फुलं दिसू लागली की ते काढावंच लागतं, कारण आत माशी गेली नाही तर फळ धरत नाही, आणि कमी वेळा गेली तर फळ वेडंवाकडं होतं. पेट्या भाड्याने आणून ठेवणारे शेतकरी हे जाणतात. गिलकी, कारली, दोडकी यांचंही असंच. सूर्यफूल, तीळ आणि तूर यांनाही माशीच्या फेऱ्यांचा फायदा होतो.

या फायद्याचं मोजमाप झालेलं आहे. कोस्टारिकातल्या एका कॉफीच्या मळ्यावरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाच्या तुकड्यापासून एक किलोमीटरच्या आतल्या कॉफीचं उत्पादन लांबच्या कॉफीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त भरलं. जंगलाचे दोन तुकडे त्या एका मळ्याला वर्षाकाठी सुमारे ६० हजार डॉलर मिळवून देत होते. आकडा बोलका आहे, पण त्यात एक धोका दडला आहे. त्या मळ्यात उद्या कॉफीऐवजी केळी लावली तर माशीच्या हिशेबाने जंगलाची किंमत एका दिवसात शून्य होईल. म्हणून रानाची किंमत एकाच सेवेवर टांगून ठेवू नये. पीक बदलतं, बाजार बदलतो. पाणी मुरवणं, किडी खाणं, वारा अडवणं, चारा देणं ही कामं मात्र त्या रानाने एकत्रच करायची असतात.

वाऱ्याचंच उदाहरण घ्या. मे-जूनच्या वादळी वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या झाल्याच्या बातम्या खानदेशात नव्या नाहीत, आणि त्याआधी उन्हाळ्यातल्या तप्त वाऱ्याने पानं फाटून घड करपतात ते वेगळंच. बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावायची शिफारस याचसाठी आहे. वाऱ्याला भिंत उभी केली तर तो भिंतीपलीकडे भोवरे घेत उतरतो. हिरव्या रांगेतून तो गाळून, मंद होऊन येतो.

एकट्याच्या आवाक्याबाहेर

बांध एकाचा असतो. डोंगर, नाला आणि गायरान सगळ्यांचं. इथे एकट्याचा शहाणपणा कामाला येत नाही, कारण एकाने राखलं आणि दुसऱ्याने तोडलं की राखणाराच मूर्ख ठरतो. धुळे जिल्ह्याने याला उत्तरं शोधलेली आहेत, जुनी आणि नवीही.

पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकांची. नदीवर बंधारा, त्याचा पाट आणि पाटाखालची जमीन काही फडांत विभागलेली. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार, हे शेतकरी मिळून ठरवायचे आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच असायचं. बहुतेकांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने नफातोटा वाटला जायचा. पाणी कमी असलं की कमी फड भिजवायचे. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकावर नजर ठेवायचा. फडातलं पीक दरवर्षी बदलत असल्याने जमिनीला पालट मिळायची आणि एका पिकावर पोसलेल्या किडीला पुढच्या वर्षी त्या जागी तेच खाद्य सापडायचं नाही. हे सगळं पाणी वाटण्यासाठी उभं राहिलं. जमिनीचं आरोग्य त्याच्या ओघात सांभाळलं गेलं.

नवं उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं. कोकणा आदिवासींचा हा छोटा पाडा गुजरातच्या सीमेजवळ आहे. तोडीने भोवतालचं रान उघडं पडलं, विहिरी आटल्या आणि माणसं कामासाठी बाहेर पडू लागली. १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, आणि राखणीला गावातलीच माणसं. जोडीला दगडी बांध आणि चर. रानात झाडांची जिवंत मुळं होतीच. त्यांना फक्त उसंत हवी होती. सुमारे ४४५ हेक्टर जंगल उभं राहिलं. विहिरींना पाणी टिकलं, चारसूत्री पद्धतीने भात पिकू लागला. पावसाळ्यानंतर इथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि गावोगावच्या बायका आपापल्या भाज्या शिजवून मांडतात. जंगलात काय काय टिकून आहे याची ती दरवर्षीची मोजणीच असते. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली.

धुळे तालुक्यातल्या लामकानीने झाडाऐवजी गवत राखलं. कमी पावसाच्या उघड्या टेकड्यांवर चराईबंदी आणि पाणलोटाची कामं करून गावाने कुरण परत आणलं. ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे. खानदेशातला कमी पावसाचा भाग मुळात बऱ्याच अंशी गवताळ आणि झुडपी. तिथे खड्डे खणून दाट झाडं लावणं म्हणजे माळाचं जीवन मोडणं. चारा, लावे-तित्तिर, सरडे आणि उंदरांवर ताव मारणारे शिकारी पक्षी गवतावरच येतात.

रानाचा उपद्रवही खरा

रान फक्त देतंच असं सांगणारा माणूस शेतात रात्र काढलेला नसतो. रानडुकरं एका रात्रीत मक्याचा फडशा पाडतात, रोही हरभऱ्यात कळपाने उतरतात. २०१७ मध्ये चाळीसगाव परिसरात बिबट्याने माणसं मारली आणि अखेर त्याला ठार करावं लागलं. मुक्ताईनगर तालुक्यात, मुक्ताई-भवानी राखीव क्षेत्राभोवती, वाघ केळीच्या बागांतून वावरल्याच्या नोंदी आहेत. थंडावा, पाणी आणि रानडुकरं हे तिन्ही त्याला बागेत मिळतं. अशा बागेत पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्या मजुराच्या भीतीला ‘जैवविविधता’ हे उत्तर होऊ शकत नाही. दिवसा वीज आणि वेळेवर भरपाई हेच उत्तर आहे.

काही तणंही खरोखर घातक असतात. केळीवरचा हरण्या रोग विषाणूमुळे होतो आणि त्याचा प्रसार मावा करतो. काकडीवर्गीय पिकांत, टोमॅटोत आणि अनेक तणांत हा विषाणू तग धरतो. म्हणून जी मावा ओढणारी चवळी कापसाच्या कडेला उपयोगाची, तिला कोवळ्या मृगबागेच्या कडेला जागा नको. तिथे शेवरी-गजराज बरे. ‘सगळं जगू द्या’ हा सल्ला आळसाचा आहे. काय, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे ठरवावं लागतं.

बांधाचा हिशेब

सुरुवातीचा प्रश्न बांधावरच्या बाभळीचा होता. ट्रॅक्टर आल्यापासून बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो आणि त्यावरून भाऊबंदकीत मारामाऱ्या होतात. कोरून मिळणाऱ्या दोन ओळींचं उत्पन्न कोणीही सांगेल. राखलेल्या बांधाचं उत्पन्न पसरलेलं असतं म्हणून दिसत नाही. माशी डोंगळ्यांवर हवी असते ती महिनाभर, पण तिला जगायला बारा महिने लागतात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, मोह आणि कडुनिंब त्यामागोमाग, करंज उन्हाळ्यात, बाभूळ पावसाळ्यात, बोर पावसाळा सरताना. ही झाडं शिवारात असतील तर माशीची उपासमार होत नाही. सावलीने कडेचं पीक थोडं मार खातं, हे खरं. फांद्या छाटून ते आटोक्यात ठेवता येतं. हरभऱ्यात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे रोवले की कोतवाल त्यावर बसून घाटेअळी टिपतो, पण पिकाबाहेर त्याला घरटं बांधायला झाड नसेल तर थांबा रिकामाच राहतो.

नाल्यांचंही तेच. ‘शिरपूर पॅटर्न’नंतर नाले खोल-रुंद करण्याची कामं खूप झाली आणि पाणी साठलं. पण खोदकामात काठ उघडा झाला असेल तर त्यावर करंज, जांभूळ आणि गवत परत लावल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नये. उघडा काठ पावसागणिक नाल्यात येतो आणि मुरण्याची जागा पुन्हा बुजवतो.

तेव्हा येत्या वखरणीला बांधाकडची दोन हात जागा सोडा, कापसाच्या कडेला चवळी पेरा, पहिली फवारणी पान उलटं करून पाहिल्याशिवाय मारू नका आणि फरदड ठेवू नका. हे सगळं एकट्याने होण्यासारखं आहे. गायरानाचा, नाल्याच्या काठाचा किंवा डोंगरउताराचा विषय ग्रामसभेत निघाला की मात्र गप्प बसू नका. ते राखणं एकट्याच्या हातात नाही, आणि तुमच्या विहिरीचं पाणी तिथूनच येतं.